खालच्या आवाजात

"विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देऊ नये, असं मला वाटतं," चांगुणा म्हणाली.

मच्छिंद्रनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, बायकोकडं बघितलं आणि मान हलवली. "बरोबर हाय तुझं."

चांगुणाच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. पहिल्या पगारातून ती मच्छिंद्रनंच आणून लावली होती. तिकडं मराठवाड्यात त्या नावापायी वस्त्या जळत होत्या. इकडं दौंडच्या रेल्वे चाळीत रोज तोच विषय होता. आणि ती मुद्दाम खोटं बोलली होती. नवऱ्यानं ताट सारून उठावं, चिडावं, निदान 'काय बोलतीस हे?' एवढं तरी विचारावं म्हणून.

तो पुन्हा जेवायला लागला.

लग्न वैशाखात झालं होतं. त्याआधी ती वडगाव रासाईला होती. तिचे आप्पा, शंकरराव, दिवसभर दुसऱ्याच्या उसाला पाणी द्यायचे आणि जेवताना पोरीशी वाद घालायचे. आणीबाणी, नसबंदी, जनता पक्ष, पोरीनं जोडीदार स्वतः निवडावा का. शिरूरच्या कॉलेजातून ती काही नवं ऐकून आली की आप्पा ते उलटंपालटं करून तिच्यापुढं टाकायचे. कधी ती रडकुंडीला यायची. कधी आप्पा हरायचे, आणि हरले की दुसऱ्या दिवशी साऱ्या वस्तीला कौतुकानं सांगत फिरायचे.

मच्छिंद्र बघायला आला तेव्हा ती म्हणाली होती, "मला माझी मतं हायेत. मी ती बोलणार." आधी येऊन गेलेल्यांनी हे ऐकून खाली बघितलं होतं, नाहीतर आपल्या वडलांकडं. हा एकटा तिच्या तोंडाकडं टक लावून बघत राहिला आणि म्हणाला, "बरोबर हाय." आप्पांना माणूस पसंत पडला. तिला तर फारच पसंत पडला. सासरी निघताना आईनं एवढंच सांगितलं, "बोल बाई, पर खालच्या आवाजात. चाळीच्या भिंती पातळ असत्यात."

म्हणून ती खालच्या आवाजात बोलायची. हुंड्यावर बोलली, सरकारवर बोलली, पोरं किती असावीत आणि ते कुणी ठरवावं यावरही बोलली. तो हसून मान हलवायचा. चाळीतल्या बायका म्हणायच्या, असा नवरा नशिबानं मिळतो. दुपारी दारात तांदूळ निवडायला बसली की मात्र चांगुणाचा जीव वडगावला जायचा. कुणीतरी एकदा अडवावं, असं तिला फार वाटायचं. घरात माणूस होतं, पण बोलणं जाऊन कुठं थडकत नव्हतं.

आज तिला राग आला. ती चुलीकडं वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "मी उद्या वडगावला चालले. परत यायची न्हाई."

मागं काहीच हललं नाही. तिनं वळून बघितलं. मच्छिंद्र घास हातात धरून थांबला होता. ती काहीतरी बोलली हे त्याला कळलं होतं. काय बोलली ते कळलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत भीती होती.

ती त्याच्यासमोर येऊन बसली. सावकाश म्हणाली, "ऐकू येत न्हाई तुम्हाला?"

मच्छिंद्रनं घास ताटात ठेवला.

"इंजनावर कोळसा टाकता टाकता कान गेले. कानाशी वरडलं, न्हाईतर समोर बसून सावकाश बोललं, तर कळतं थोडं. इंजनाच्या शेडात सगळेच वरडून बोलत्यात, तिथं कुणाला कळत न्हाई. साहेबाला कळलं तर फायरमनचा झाडूवाला करतील."

"आन् मी इतकं बोलत हुते ते?" तिनं तसंच सावकाश विचारलं.

"तू बोलतीस तवा हात हलत्यात, डोळे मोठे हुत्यात. लई चांगलं काय तरी बोलत असशील. ऐकावं असं लई वाटतं. पर परत विचारलं तर तुला कळंल. म्हणून बरोबर म्हणतो."

चांगुणाला त्याची कीव आली, आणि त्या किवेतच गाडीच्या डब्यांत बसलेली माणसं दिसायला लागली. ती सरकली. त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच पूर्ण आवाजात बोलली.

"साहेबाला सांगून टाका. गाडीत माणसं असत्यात."

"न्हाई," मच्छिंद्र म्हणाला.

"कुणी इशारा दिला आन् तुम्हाला ऐकूच आला न्हाई तर?"

"ड्रायव्हर असतो संगं. आन् माझ्या बापानं पाटसला लोकांची अंगणं झाडली. मी झाडू धरणार न्हाई. तेवढ्यासाठीच शिकलो मी."

"झाडू धरला तर मान जातो, आन् माणसं मेली तर?"

"तू चढलीयस कधी इंजनावर? पुस्तकातलं बोलतीस."

"पुस्तकातलं म्हंजी खोटं व्हय?"

त्याला अर्धं ऐकू जायचं. ती पुन्हा ओरडायची. तो तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायचा. एकदा तर तो चुकीच्याच प्रश्नाला उत्तर देऊन भांडला. शेवटी तो उठला, हात धुतले आणि दाराशी उभा राहिला.

"जातो उद्या साहेबाकडं. पर मला पटलेलं न्हाई."

शेजारची साखरबाई धावत आली. या पोरीचा आवाज तिनं आजवर ऐकलाच नव्हता. "काय झालं गं? भांडताय व्हय?"

चांगुणाचा घसा बसला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"न्हाई मावशी," ती म्हणाली, "बोलतोय आम्ही."