बेकरीवाल्याची काठवट

फोटो जरा तिरका लागला होता. बेकरीवाला मान वाकडी करून त्याच्याकडे बघत होता. फोटोत तोच होता, तरणाबांड. हनुवटीपर्यंत पाणी, दोन्ही हात वर, आणि डोक्यावर पीठ मळायची मोठी लाकडी काठवट, कापडाने झाकलेली.

"डावीकडून जरा वर घे," तो लेकीला म्हणाला. आपली फजिती निदान सरळ टांगली जावी, एवढीच त्याची अपेक्षा होती.

लेक वाचनालयात कामाला होती. गावावर आजवर काय काय कोसळलं, त्याचं प्रदर्शन तिने मांडलं होतं. नदीचा पूर, भूकंप, अर्ध्या गावाची छपरं नेणारं वादळ. एवढ्याशा गावावर निसर्गाची जरा जास्तच मर्जी. गावानेही प्रत्येक संकटातून एखादा तरी विनोद वाचवून आणला होता आणि त्यांत हा फोटो अव्वल होता. पूर आला तेव्हा बेकरीवालीण तान्ह्या मुलीला छातीशी धरून होडीत बसली आणि बेकरीवाला पोटची पोर विसरून मागून पीठ घेऊन आला. टेकडीवरच्या शाळेत जमलेले लोक पोट धरधरून हसले. मग त्याच पिठाचे पाव सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्ले.

पुढे भूकंप झाला. जमीन अजून धड थांबली नव्हती, तोवर कुणीतरी त्याला विचारलंच, पीठ बाहेर काढलं का? वादळातही तेच. बेकरीवाला सगळ्यांबरोबर हसायचा. लेकही हसायची, पण बापाशी वाजलं की तिच्या तोंडून निघायचंच, तुम्हाला काय, तुम्हाला पीठ प्यारं. तिचा तान्हेपणीचा एकही फोटो घरात नव्हता. होते ते पुरात गेले. बापाचा मात्र पिठासकट होता. हे तिच्या मनाला फार लागून राहिलं होतं.

आता तिच्याच कडेवर तान्ही मुलगी होती. सोमवारपासून ती पुन्हा पूर्णवेळ कामावर येणार होती. बेकरीवाल्याने भट्टीमागच्या खोलीत पाळणा बांधून ठेवला होता. कुरकुरतो म्हणून कड्यांना तेल घातलं होतं. आज त्याने धीर करून हात पुढे केले. नातीला आत्तापासून आपली सवय झालेली बरी, असं काहीसं तो पुटपुटला.

लेकीने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"आई घरी असेल तेव्हाच ठेवीन, बाबा. तुमच्या भरवशावर नाही."

ती हे हसतच म्हणाली. बेकरीवालाही सवयीने हसला. मग त्याने पुढे केलेले हात शर्टाला पुसले. हातांना पीठ नव्हतं.

बेकरीवालीण कोपऱ्यातल्या स्टुलावर टाचण्यांचा डबा घेऊन बसली होती. तिने तो खाली ठेवला. नवऱ्याने ते पाहिलं आणि हळूच मान हलवली.

"अगं, जाऊ दे."

"इतकी वर्षं जाऊच दिलं," ती म्हणाली. मग लेकीकडे वळली. "होडीत माझ्या मांडीवर पीठ होतं. टेकडीपर्यंत मी पिठालाच थोपटत होते."

मग तिने सगळं सांगितलं. त्या पहाटे गारठा फार होता आणि पोर टोपलीत कुडकुडत होती. बेकरीत सगळ्यांत उबदार जागा म्हणजे भट्टीशेजारची काठवट. बापाने तिच्यातलं फुगायला ठेवलेलं पीठ काढलं, पोरीला तिथे निजवलं. पिठालाही ऊब हवीच, म्हणून ते पोरीच्या दुपट्यात गुंडाळून टोपलीत ठेवलं. बायकोला सांगायचं राहिलं, कारण ती गाढ झोपली होती. तेवढ्यात पाणी आल्याचा ओरडा झाला. ती धडपडत उठली, अंधारात टोपलीतलं गाठोडं उचललं आणि होडीत जाऊन बसली. गाठोडं उबदार होतं, मऊ होतं, हाताखाली हळूहळू फुगतही होतं. टेकडीवर तिने दुपटं बाजूला केलं, तर आत पीठ.

तेवढ्यात काठवट डोक्यावर घेऊन तो पाण्यातून चालत आला. लोक हसायला लागले. त्याने एकदा बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि समजायचं ते समजला. वर्गाच्या दाराआड त्याने पोर तिच्या हातात दिली, पीठ काठवटीत ठेवलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, पीठ वाचलं बरं का.

"आईला कुणी बोल लावला असता, तर तिला सोसलं नसतं," बेकरीवाला म्हणाला. "मला काय, मी हसून घेतलं."

 लेक फोटोतल्या त्या फुगीर कापडाकडे कितीतरी वेळ बघत राहिली. तिचे डोळे भरून आले होते. मग तिने मुलीला अलगद बापाच्या हातात दिलं. त्याने ती घेतली, अगदी सराईतपणे, आणि लगेच मानेखाली हात धरला.

फोटोखाली तिने एक चिठ्ठी चिकटवली होती, 'पीठ वाचवणारा बेकरीवाला'. ती तिने काढून टाकली आणि नवा कागद घेतला. अगं, उद्यापासून गाव आईला हसेल, असं बेकरीवाला म्हणायला लागला.

"हसू दे," बेकरीवालीण टाचण्या पुढे करत म्हणाली. "आता माझी पाळी."

लेकीने फोटो सरळ केला आणि खाली नवी चिठ्ठी लावली: 'मी, तीन महिन्यांची. खाली माझे बाबा.'