तिथल्या तिथे

"दादा कुठे आहे?" बॅग खांद्यावरच ठेवून मी काकांना विचारलं.

त्यांनी टेबलावरच्या, लाल कापड बांधलेल्या कलशाकडे बोट दाखवलं. "सकाळीच उरकलं. तुझी पुष्कळ वाट बघितली गं."

दादा चार दिवस इथे जोहान्सबर्गच्या इस्पितळात होता. काका सांगलीहून निघून त्याच्या उशाशी पोचले. मला कैरोला त्यांचा फोन आला तो काल, दादा गेल्यावर.

"लांबच्यांना आधी कळवतात," काका म्हणाले. "तू काय, आफ्रिकेतच. तिथल्या तिथे. तासाभरात येशील असं वाटलं."

भिंतीवर जगाचा नकाशा होता. मी काकांचा हात धरून त्यांचीच वीत त्यावर टेकवली. मुंबई ते जोहान्सबर्ग एक वीत. कैरो ते जोहान्सबर्ग, बोटभर कमी.

"सव्वासहा हजार किलोमीटर, काका. विमानाने आठ तास. तुम्हाला नऊ लागले."

ते खाली बघत म्हणाले, "झालं ते झालं. अस्थी घरी नेतो, कृष्णेत सोडू."

मी कलश उचलून छातीशी धरला.

"अस्थी माझ्याकडे राहतील. दर्शन घ्यायचं तर कैरोला या. आता तुम्हीही आफ्रिकेतच आहात. तिथल्या तिथे."