चुकायला जागाच नाही

बाई आजही चुकल्या.

घड्याळजी मधल्या दगडाला वळसा घालून बाहेर निघाले होते आणि बाई बाहेरून आत येत होत्या. तिसऱ्या वळणावर दोघांची गाठ पडली. वाट जेमतेम एका माणसापुरती. बाई रोजच्याप्रमाणे शेजारच्या वलयात पाऊल टाकून बाजूला झाल्या, घड्याळजी "माफ करा हं" म्हणून पुढे गेले. चार पावलांवर त्यांना मागून चपलांचा आवाज ऐकू आला. आत जायचं सोडून बाई त्यांच्याच मागोमाग निघाल्या होत्या.

"अगंबाई, परत तुमच्याच मागे आले की मी," बाहेर पडल्यावर त्या म्हणाल्या.

हा नववा दिवस.

शहराच्या ऐन मध्यावर, कचेऱ्यांच्या उंच इमारतींच्या मधोमध ती बाग होती आणि बागेत जमिनीवर दगडी पट्ट्यांनी आखलेली ती गोल गोल वाट. फलकावर 'वलयवाट' असं लिहिलं होतं. लोक तिला भूलभुलैया म्हणत, आणि कुणी तसं म्हटलं की घड्याळजींच्या कपाळाला आठी पडे. चाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. चुकीचा शब्द त्यांना खपणार कसा?

"अहो बाई, भूलभुलैयात फाटे असतात," बाकावर बसून त्यांनी नवव्यांदा समजावलं. "इथे फाटाच नाही. एकच वाट, वळत वळत आत जाते आणि तीच बाहेर आणते. चुकायला जागाच नाही."

"मग मी कशी चुकते?"

"बाजूला होताना तुमचं तोंड फिरतं. मग पाय आल्या वाटेला लागतात." त्यांनी काडीने मातीत आकृती काढली, बाण दाखवले. बाईंनी चष्मा सावरून ती इतकं मन लावून पाहिली, की घड्याळजींनी आणखी दोन बाण काढले. ते नसते काढले तरी चाललं असतं.

मग बाईंनी थर्मासमधला चहा ओतला. पिशवीत कप दोन असत. एखादा फुटला तर असावा म्हणून, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नऊ दिवसांत एकही फुटला नव्हता.

घड्याळजींचं आज चहात लक्ष नव्हतं. मुलाने त्यांना आपल्याकडे बोलावलं होतं, कायमचं. संध्याकाळच्या गाडीचं तिकीटही काढलं होतं. दुकान बंद होऊन वर्ष झालं होतं आणि घरात सोबतीला भिंतीवरची सात घड्याळं. "बाबा, तिथे तुमचं आता आहे कोण?" असं मुलाने विचारलं तेव्हा त्यांना उत्तर देता आलं नव्हतं. उत्तर असावं असं मात्र फार वाटत होतं, गेले नऊ दिवस तर जास्तच. पण या वयात कुणाला विचारायचं काय आणि कोणत्या तोंडाने? केसासारखी बारीक स्प्रिंग तुटलेली ज्यांना नुसत्या डोळ्यांनी दिसे, त्या घड्याळजींना बाईंच्या मनात काही असल्याची एकही खूण दिसली नव्हती.

"आज संध्याकाळी मुलाकडे जातोय," ते म्हणाले. "आता तिकडेच राहायचं."

बाईंनी कप खाली ठेवला. "असं होय," एवढंच म्हणाल्या आणि थर्मासचं लागलेलं झाकण पुन्हा लावत बसल्या.

घड्याळजींना गलबलून आलं. आपण गेल्यावर या बाईंना मधल्या दगडापर्यंत कोण नेणार?

"चला," ते उठले. "आज मी पुढे चालतो, तुम्ही मागे या. एकदा तरी मध्य बघून घ्या."

दोघं चालले. वाटेत ते प्रत्येक वळणाला "आता डावीकडे", "आता उजवीकडे" सांगत होते आणि बाई "हो का" म्हणत होत्या. शेवटी मधला गोल दगड आला.

"पोचलो," घड्याळजी म्हणाले. "आहे की नाही सोपं?"

बाईंचं लक्ष खाली होतं. चपलेच्या टोकाने त्यांनी दगड दाबून पाहिला. पलीकडे माळीबुवा झाडांना पाणी घालत होते. त्यांना हाक मारून बाई म्हणाल्या, "माळीबुवा, हा बोटभर खचलाय बघा."

"खचणारच," माळीबुवा म्हणाले. "भरावाची माती आहे, हे तुम्हीच नाही का तेव्हा सांगितलं होतं?" मग घड्याळजींकडे वळून कौतुकाने म्हणाले, "साहेब, ही अख्खी वाट बाईंनी आखलीय. दोरीचं दुसरं टोक धरायला मी होतो. डोळ्यांवर पट्टी बांधून सोडलं तरी चुकायच्या नाहीत."

घड्याळजींना नऊच्या नऊ आकृत्या आठवल्या. ते दोन जास्तीचे बाणही आठवले. त्यांचे कान गरम झाले.

"मग मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही इतकं छान समजावत होता," बाई म्हणाल्या आणि स्वच्छ असलेला चष्मा पुसू लागल्या.

तेवढ्यात घड्याळजींचा फोन वाजला. मुलगा होता. "बाबा, बॅग भरून झाली ना?"

आयुष्यात एकदाही उशीर न केलेल्या घड्याळजींनी बाईंकडे पाहिलं. चष्मा अजून पुसून व्हायचा होता.

"तिकीट रद्द कर," ते म्हणाले. "मी काही आज गाडीला पोचत नाही. बागेतल्या वाटेवर चुकलोय."

"अहो, गाडीला अजून दहा तास आहेत. आणि तिथे चुकायला जागाच नाही, असं तुम्हीच सांगत असता ना सगळ्यांना?"

"हो रे," घड्याळजी म्हणाले, "पण आता मी बाईंच्या मागे चालणार आहे, आणि बाई रोज चुकतात."