संपावरचं भांडण

“सगळ्या ड्रायव्हरांना घरी बसवा म्हणतो मी! एकजात सगळ्यांना!”

“बसव की. आणि बस कोण चालवणार, तू? तुला सायकल धड वळवता येत नाही. गटारात घालतोस.”

सून फिसकन हसली. म्हाताऱ्याचा गळ तळ्यात टाकलेला होता, पण लक्ष सगळं मुलाकडे. मान ताठ, नाकपुड्या फुगलेल्या. मुलाचं सलून होतं. बसवाल्यांचा संप लागल्यापासून गिऱ्हाईक फिरकत नव्हतं, खुर्च्या रिकाम्या. तरी आत्ता गडी आतून खूश. त्याने बायकोकडे बघून डोळा मारला. चालू झालं बघ इंजिन.

कारण घरात इंजिन चालू होईना झालं होतं. म्हातारा दिवसभर खिडकीशी बसायचा. नातीचं नाव विसरला. संडासाचं दार विसरला. जन्मभर चालवलेली बस आणि भांडण, एवढंच काय ते शिल्लक होतं. बातम्या लागल्या की मुलगा मुद्दाम उलटी बाजू धरायचा. बापलेकांची जुंपायची, आणि तेवढा वेळ म्हातारा अख्खाच्या अख्खा परत यायचा. गोळ्यांनी जे होत नव्हतं ते एका बातमीने व्हायचं. पण आताशा तेही जमेना. म्हणून रविवारी शेजाऱ्याची गाडी मागून सगळी वरात तळ्यावर आली. गळ टाकून बसणं हा म्हाताऱ्याचा जुना नाद. मासा लागो न लागो, तोंड सुटायचं.

आणि सुटलंही.

“पगार वाढवा, सुट्ट्या द्या, वर पेन्शन पण द्या,” मुलगा म्हणाला. “आणि लोकांनी काय, तंगड्या तोडत जायचं?”

“दिवसभर स्टिअरिंग धरून बघ. लघवी दाबून. मग बोल. दुसऱ्याचे गाल खरवडणं सोपं असतं.”

“अण्णा, पोरगी ऐकतेय,” सून म्हणाली.

“ऐकू दे. बापाची अक्कल कळू दे तिला.” म्हातारा बाकावर सरसावून बसला. “संप म्हणजे काय पोरखेळ वाटला का रे? आम्ही तेव्हा डेपोच्या फाटकासमोर...”

थांबला. हात हवेत राहिला. बोटं स्टिअरिंग धरल्यासारखी वळलेली.

“फाटकासमोर काय, अण्णा?”

म्हातारा शोधत होता. ओठ हलत होते.

“आडवे झाला होतात,” मुलगा हळूच म्हणाला. “पहिली बस बाहेर पडू दिली नव्हती. सांगा ना. शंभरदा सांगितलंय.”

म्हाताऱ्याने हात खाली घेतला. मुलाकडे बघितलं. चेहऱ्यावरचा सगळा वैताग गेला होता. तो जरा बाजूला सरकला, मुलाला नीट बसता यावं म्हणून.

“बरोबर आहे तुमचं,” तो म्हणाला.

मुलाला वाटलं टोमणा आहे. म्हातारा फार चिडला की त्याला असंच अहोजाहो करायचा. या साहेब, बसा साहेब, आपण फारच हुशार. त्यामुळे मुलाला आणखी जोर चढला.

“तुमचं? वा वा! म्हणजे हरलात का अण्णा?”

“बाबा जिंकले!” पोरीने टाळ्या वाजवल्या. “आजोबा हरले, आजोबा हरले!”

म्हाताराही हसला. परक्याच्या घरात हसतात तसा.

“तुम्ही चार पुस्तकं शिकलेले दिसता. तुम्ही म्हणताय तर काढूनच टाकायला हवं त्यांना.”

सून थर्मासचं झाकण फिरवत होती. तिचा हात थांबला.

मुलाचा चेहरा खर्रकन उतरला. “नाही नाही. असं नाही. अण्णा, मी चुकीचं बोलतोय. त्यांच्या पोटाला पुरत नाही, तुम्हीच सांगता ना? शिव्या घाला मला.”

“छे! तुम्हाला कशा घालणार?”

“घाला हो!” तो ओरडला. “मी म्हणतो सगळ्यांना हाकला! पेन्शन बंद करा! डेपो विकून टाका, तुमचा डेपो! ऐकून घेताय काय? बोला की!”

पलीकडच्या बाकावरचं जोडपं वळून बघायला लागलं.

“अहो, आवाज खाली करा,” सून म्हणाली. “घाबरलेत ते.”

घाबरलाच होता. पण माणूस सभ्य. वाकला, गळाची दोरी गुंडाळायला लागला. एकाही गाठीशिवाय, न बघता. हातांना अजून सगळं येत होतं. मग गळ मुलाच्या मांडीवर ठेवला.

“राहू द्या तुम्हाला. इथं बसलात तर लागेल एखादा.”

“अण्णा, बसा. चहा काढलाय,” सून म्हणाली. तिने कप पुढे धरला.

“नको, नको. निघतो मी आता.” म्हाताऱ्याने शर्टाची कॉलर सारखी केली. “घरी पोरगा जेवायचा थांबला असेल. माझ्याशी भांडल्याशिवाय घास उतरत नाही त्याच्या घशाखाली.”