पाण्याखालची पात

पावसानं शेताचं तळं करून टाकलं होतं. कापणीला आलेलं पीक कणसांसकट बुडालं. पुरुषमंडळी पाणी काढून द्यायला पलीकडे चर खणत होती आणि दोघी जावा बांधावर हताश बसून होत्या.

"यंदा विळ्यांना सुट्टी," धाकटी म्हणाली. पण तिचं तिलाच हसू आलं नाही.

थोरली बुडालेल्या शेताकडे बघत होती. दरवर्षी दोघी शेजारशेजारच्या ओळी, म्हणजे पाती, धरून कापत यायच्या. थोरलीचा हात चपळ. ती पुढे निघून जायची, आणि मग धाकटी गाठेपर्यंत विळा थांबवून उभी राहायची. धाकटी लग्न होऊन आल्यापासून थोरलीनं तिला कधी एकटं मागं टाकलं नव्हतं.

एवढ्यात शेताच्या पार त्या टोकाला, पाण्याखालून आवाज आला. खर्र, खर्र.

"विळे चालताहेत," थोरली पुटपुटली.

"काहीतरीच काय, ताई! मोटार असेल कुणाची."

आवाज दोन होते. एक भराभर पुढे येत होता, दुसरा रेंगाळत मागून. मग पुढचा थांबला. मागच्यानं त्याला गाठलं, आणि दोन्ही बरोबरीनं निघाले.

धाकटीनं वाकून पाहिलं. पाण्यावर साधा तरंगसुद्धा नव्हता.

खर्र, खर्र करत आवाज थेट बांधाच्या पायथ्याशी आले आणि थांबले. पात संपली होती.

पात संपली, की दोघी याच बांधावर चढून दम खायला बसायच्या.

थोरलीनं पाण्याची बाटली उचलून पुढ्यात ठेवली.

"सरक जरा," ती हलकेच म्हणाली. "त्यांना बसायला जागा दे."