एलनचा नवरा

तीस वर्षं आमदारकी केलेले दादासाहेब परदेशात, मिल्टनला लेकीकडे आले होते. जवळच्या खेड्यातल्या दफनभूमीत एका माजी मंत्र्याची कबर आहे म्हटल्यावर त्यांना राहवेना. ऊर्मी त्यांना घेऊन गेली. कमान नाही, पुतळा नाही. शेतकऱ्यांच्या रांगेतच गुडघ्याएवढा एक दगड.

“मंत्री होता, असं लिहिलंय का कुठं?”

“नाही दादा. नाव आहे आणि खाली ‘एलनचा नवरा’.”

“एवढंच?” दादासाहेब हसले. “मग लोकांना कळायचं कसं?”

 परतताना घर जवळ आल्यावर मात्र ते हळूच म्हणाले, “ऊर्मी, गावी तुझ्या आईच्या समाधीवर तिचं नाव घातलंय ना गं आपण?”

ऊर्मीनं गाडी ड्राइव्हवेत घेतली.

“नाही. ‘आमदारसाहेबांच्या पत्नी’ एवढंच आहे.”