दिलेला सल्ला

"आजी, शुगर आहे का तुम्हाला?"

चंद्राबाईंनी चहाचा कप दोन बोटांनी पलीकडे सारला, म्हणून किमयाने विचारलं.

"शुगर कुठली आलीया पोरी! साखर सोडलीय म्या. मालक येस्तवर."

मुठा गावच्या समाजमंदिरात रविवारचं मोफत कायदेसल्ला शिबिर चाललं होतं. पुण्याहून आलेल्या वकिलांत किमया सगळ्यात लहान. तिच्या वरिष्ठ शारदाताईंनी तिला मुद्दाम आपल्या शेजारी बसवून घेतलं होतं. "आज तू बोलायचंस, मी नुसती ऐकणार," असं त्यांनी गाडीतच सांगून टाकलं होतं. पुढ्यात चार रकाने आखलेली वही होती : नाव, गाव, प्रश्न, दिलेला सल्ला. प्रश्न वेडा वाटला तरी पक्षकाराच्याच शब्दांत लिहायचा, आणि शेवटचा रकाना कोरा ठेवून कुणाला उठू द्यायचं नाही, हा शारदाताईंचा वीस वर्षांचा दंडक.

चंद्राबाईंनी पिशवीतून दोन कागद काढले. एक होती आठ वर्षांपूर्वी पोलिसांत दिलेल्या खबरेची पोच. नवरा नथू उरवड्याच्या कंपनीत सकाळच्या पाळीला म्हणून निघाला, तो कंपनीत पोचला नाही आणि घरीही परतला नाही. दुसरं होतं मुखत्यारपत्र. आपल्या वतीने जमिनीच्या कागदांवर सह्या करायचा अधिकार नथूने त्याच्याही आधी धाकट्या भावाला, विश्रामला, लिहून दिला होता. त्याच कागदाच्या जोरावर विश्राम आता नदीकाठची दोघा भावांची सगळी जमीन बंगलेवाल्यांना विकायला निघाला होता. खरेदीखत येत्या गुरुवारी.

"दीर काय म्हणतात?"

"लई ग्वाड बोलतोय. म्हंतोय, वैनी, दादा आला की त्याचा वाटा त्याच्या हातात ठिवतो."

"आणि तुमच्या हातात?"

"माझ्या कशापायी? मी काय, चुलीम्होरची."

किमया पुढे सरकून बसली. "नीट ऐका हं आजी. मुखत्यारपत्र माणूस असेपर्यंतच चालतं. माणूस गेला की तो कागदही संपला. आणि सात वर्षं ज्याची काही खबर नाही, तो गेला असं कायदा गृहीत धरतो. आपण कोर्टाला तसं जाहीर करायला सांगायचं आणि तोवर ही विक्री थांबवायला सांगायची. निकाल लागला की वाटा तुमच्या नावावर लागेल."

शारदाताईंना बरं वाटलं. वकिलीच्या पहिल्या वर्षी त्यांना स्वतःला इतकं सोपं करून सांगता आलं नसतं.

"गृहीत म्हंजी?"

"म्हणजे... धरून चालायचं."

चंद्राबाई पोचपावतीची घडी पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या. "मी येत्याल म्हनून धरून चालले. इश्राम बी तसंच म्हंतोय."

"हो, पण ते तसं म्हणतात त्यात त्यांचा फायदा आहे."

"आन् गेलं म्हनलं, तर माझा."

किमयाने शारदाताईंकडे पाहिलं. त्या वहीकडे बघत होत्या. बोलायचं नाही, हे ठरलेलं होतं.

मग किमयाने शिकलेलं काम केलं. समोरच्या वकिलाच्या खुर्चीत आधी आपण बसून बघायचं, हेही शारदाताईंनीच शिकवलेलं. तिने पाठ ताठ केली, आवाज चढवला. "चंद्राबाई, नवरा गेला म्हणता, मग कपाळावर कुंकू कसं?"

"आंगुळ झाली की हात जातोय आपसूक."

"चालेल. सवय म्हणता येईल. आणि साखर? गेलेल्या माणसासाठी साखर सोडतं का कुणी?"

चंद्राबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. शेजारच्या सतरंजीवरची माणसं वळून बघू लागली.

किमयाने आवाज खाली आणला. "म्हणून सांगते आजी, तिथं साखरेचं काढायचंच नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगा, शुगर आहे."

"किमया." शारदाताईंना राहवलं नाही. "खोटं नाही शिकवायचं. चंद्राबाई, विचारलं तर खरं तेच सांगा. वाट बघणं हा काही माणूस जिवंत असल्याचा पुरावा होत नाही. पण हे विचारून ते तुम्हाला रडवतील."

"म्हंजी समद्यांम्होरं सांगायचं. मालक गेलं म्हनून आन् साखर सोडलीय म्हनून बी."

"हो."

"तुमी असताल तितं?"

"आम्ही दोघी असू."

किमयाने कोर्टासाठीचा अर्ज लिहून काढला, तशी चंद्राबाईंनी डावा अंगठा पुढे केला. किमयाने तो शाईच्या पॅडवर टेकवला आणि अर्जाखाली धरला. नवरा मृत जाहीर करावा, ही वरची ओळ तिने आधीच वाचून दाखवली होती. ठसा स्वच्छ उठला. पुसायला दिलेला कपडा चंद्राबाईंनी घेतला, पण अंगठा तसाच ठेवून त्या पलीकडे सारलेल्या कपाकडे बघत बसल्या. चहावर साय धरली होती.

"बाई, योक इचारू? ह्येबी फुकटातच सांगा."

"विचारा ना."

"कोर्टानं गेलं म्हनलं, तर मग माझा साखरेचा नेम फिटला, का साखर सोडल्यालीच ऱ्हायची?"

किमयाने शिकवल्याप्रमाणे प्रश्न शब्दाला शब्द तिसऱ्या रकान्यात उतरवला. मग पेन पुढे सरकलं आणि चौथ्यावर येऊन थांबलं.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "इथं काय लिहू?"